वजनाच्या गोळ्यांचा मागोवा

1933 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला डीएनपी हे रसायन पुढे आणलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत ते हाताळणारे कामगार घामाघूम होऊन वाळत चालले होते. अन्नातली ऊर्जा साठण्याऐवजी उष्णता होऊन निघून जाई. वजन झपाट्यानं उतरे, पण मात्रा चुकली की ताप जिवावर बेते. काही तरुणींना तर चक्क मोतीबिंदू झाले. 1938 मध्ये हा प्रयोग थांबला.

त्यानंतरच्या गोळ्यांपैकी फेन-फेनची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन, दोन्ही औषधं जुनी आणि मंजूर. एकत्र द्यायला मात्र मंजुरी कधीच नव्हती. 1992 मध्ये अवघ्या 121 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि डॉक्टर ही जोडगोळी सर्रास लिहून देऊ लागले. 1996 या एका वर्षात अमेरिकेत या दोन औषधांची पावणेदोन कोटींहून अधिक प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली! पाणी कुठंतरी मुरतंय, हे आधी ओळखलं ते फार्गो या छोट्या शहरात इको काढणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंनी. पडद्यावर हृदयाच्या जाड, ताठरलेल्या झडपा दिसत होत्या, रक्त उलटं झिरपत होतं. आणि पेशंट चांगल्या धडधाकट वयाच्या बायका. औषधांची यादी पाहिली, तर तीच जोडी. ऑगस्ट 1997 मध्ये अशा 24 स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. फेंटरमिन अमेरिकेत आजही मिळतं.

पुढे वजनाच्याच गोळ्यांपैकी रिमोनाबंट नैराश्यापायी गेलं, सिब्युट्रामिन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यापायी. सिब्युट्रामिनवर भारतानं 2011 मध्ये बंदी घातली.

आताची इंजेक्शनं वेगळ्या जातकुळीची आहेत. सेमाग्लुटाइड आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करतं, भूक मंद करतं. 68 आठवड्यांच्या चाचणीत वजन सरासरी 15 टक्के घटलं. आधीच्या बहुतेक गोळ्यांना हे जमलं नव्हतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ नेहमीचे. पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाचा दाह क्वचित. चरबीबरोबर स्नायूही झडतात. 2025 मध्ये माउंजारो आणि सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली, तेव्हा लग्नाआधी बारीक होण्यासाठीही विचारणा होऊ लागली. हा शुद्ध आततायीपणा आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत इंजेक्शन थांबवलेल्यांचं घटलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. तेव्हा पहिली सुई टोचून घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ही बंद कधी करायची आणि त्यानंतर काय?