बादलीभर ऊन पाण्याची उंची

15 लिटरची भरलेली बादली उचलून जमिनीपासून 7,250 मीटर उंच न्यायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी ऊर्जा आपण रोज सकाळी एका आंघोळीत वापरतो. कळसूबाई 1,646 मीटर. चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ती बादली त्यांच्याही वर!

हिशेब साधा आहे. सिंधुदुर्गातल्या वालावल गावच्या विहिरीचं पाणी 25 अंशांचं धरू, अंगावर घ्यायला 42 अंशांचं हवं. हे 17 अंश चढवायला सुमारे 1,070 किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेचं 0.3 युनिट. पाणी एक अंशाने तापवणं म्हणजे तेच पाणी 427 मीटर वर चढवणं. हे प्रमाण तांब्याभर पाण्याला जेवढं, तेवढंच वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या अख्ख्या तळ्याला. जेम्स ज्यूलने 1840च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून हे नातं मोजलं. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. तिथलं पाणी थेट समुद्रसपाटीवर कोसळलं आणि त्याची सगळी ताकद उष्णतेत गेली, तरी ते जेमतेम दीड अंशाने तापेल.

आता हेच उलट बाजूने बघा. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. आपली एक बादली ऊन व्हायला तिथे किमान 15 बादल्या पडाव्या लागतात. यंत्रांतली आणि तारांतली गळती धरली, तर वीसेक. कोयनेची पूर्ण क्षमता 1,960 मेगावॅट. एवढ्यावर 3 किलोवॅटचे सुमारे साडेसहा लाख गिझर एका वेळी चालतील. 2011च्या जनगणनेत एकट्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती.

चुलीत नारळाची चुडतं आणि सोडणं सारून हंडा तापवायला आता घरोघरी माणूस नाही. गॅसही नसेल, तर न्हाणीच्या भिंतीवर इन्स्टंट गिझर येतो. डबा तीन लिटरचा, भूक 3,000 वॅटची. 9 वॅटचे 333 दिवे एकदम लावावेत तशी. पण ही भूक सहा मिनिटांची. तेवढ्यात बादली भरते. युरोपात अनेक ठिकाणी घरातलं असंच यंत्र 18 ते 24 किलोवॅटचं असतं आणि त्याला थ्री-फेज वीज लागते, कारण हिवाळ्यात तिथे नळाला 10 अंशांहूनही गार पाणी येतं आणि आंघोळ वाहत्या शॉवरखाली होते. कोकणात अर्धं काम उन्हाने आधीच केलेलं असतं. म्हणून दोन-तीन माणसांच्या, बादलीने आंघोळ करणाऱ्या घराने 25 लिटरच्या साठवणीच्या गिझरच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातलं न वापरलेलं पाणी दिवसभर निवत राहतं आणि ती वीज फुकट जाते.

खरी अडचण व्होल्टेजची. गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आषाढात 230चे 180 झाले की दिवा थोडा मंद दिसतो, पण गिझर 3,000 वॅटवरून 1,840 वर येतो आणि सहा मिनिटांची बादली पावणेदहा मिनिटं घेते. अशा वेळी नळ बारीक सोडावा. धार अर्ध्यावर आणली की पाणी पुरेसं ऊन येतं.

आणि वायरिंग. हा गिझर 13 अँपिअर ओढतो. जुन्या घरातल्या दिव्याच्या वायरीवर तो कधीही जोडू नये. त्याला मीटरपासून स्वतंत्र, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा पॉइंट हवाच. सोबत 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवा. गिझरच्या प्रवाहाचा सव्वाचारशेवा भागही वाट चुकून माणसाच्या अंगातून जाऊ लागला, तर तो डोळ्याचं पातं लवण्याआधी वीज तोडतो. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीतली ओल उन्हाळ्यात खोल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. त्यामुळे वायरमनला बोलावून ते मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यात नव्हे.