जास्वंदीवरचा पांढरा कापूस

मैत्रिणींनो, आपल्या बारामती-इंदापूरकडे घरोघरी एक गोष्ट हमखास घडते. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला, की ‘अहो, शेतावरचं ते औषध जरा आणा ना!’ म्हणून आपण मोकळ्या होतो. द्राक्षं-डाळिंबांवर फवारायचं ते विष! शेजारीच तुळस असते आणि मुलं तिची पानं येता-जाता तोंडात टाकतात.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, म्हणून खोडावर मुंग्यांची रांग लागते. मुंग्या दिसल्या की पानं उलटून पाहाच. कीड थोडी असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने टिपून काढा. फार असेल तर वाळलेल्या निंबोळ्यांचा 50 ग्रॅम चुरा 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी पिळून, गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच संध्याकाळी फवारा. 8 दिवसांनी पुन्हा ताजं करून फवारा.

पण पानांच्या कडाच करपल्या नि कुंडीवर पांढरं मीठ फुटलं, तर कीड शोधू नका. नीरा डाव्या कालव्याखालच्या कितीतरी जमिनी अतिपाण्याने खारावल्या. बोअरच्या खारट पाण्याने आपल्या कुंडीचंही तेच होतं. तळाचं भोक मोकळं करा आणि पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर घालून निथळू द्या.

तेव्हा आधी पान उलटा, मग उपाय. शेतावरची बाटली मात्र शेतावरच बरी!