रथातील संवाद आणि तिसरा कान

भगवद्गीता हा रथात झालेला संवाद आहे, ही गोष्ट नित्यपाठाच्या सवयीने आपण बहुधा विसरून जातो. दोन सैन्यांच्या मधोमध रथ उभा आहे. सारथी बोलतो आहे, योद्धा ऐकतो आहे. आणि त्या दोघांचे बोलणे दूर हस्तिनापुरात बसलेला धृतराष्ट्र संजयाच्या मुखाने ऐकतो आहे. बोलणे दोघांचे आणि ऐकणारा तिसरा, अशी ही मांडणी. तिची आठवण मला अलीकडे अगदीच अनपेक्षित ठिकाणी झाली. आमच्या घरची मुले रविवारी सायंकाळी दूरचित्रवाणीवर मोटारींच्या शर्यती पाहात बसतात. यंत्रांच्या त्या घरघराटात माझ्यासारख्या वृद्धास गोडी वाटावी असे काही नाही. परंतु मधूनच पडद्यावर एखाद्या चालकाचे नाव उमटते आणि त्याचे व त्याच्या इंजिनियरचे बोलणे कानी पडते. तेव्हा मात्र हातातील पुस्तक आपोआप मिटते. हे बोलणे कशासाठी चालते, त्याचे सामर्थ्य किती, आणि आपण परक्यांनी ते कसे ऐकावे, ह्याचा थोडा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फॉर्म्युला वन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदास इ. स. १९५० मध्ये प्रारंभ झाला. ह्या मोटारीत एकाच माणसापुरती जागा असते. सरळ रस्त्यावर तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्याही पुढे जातो. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे ८३ मीटर अंतर कापते. चालकाचा देह पट्ट्यांनी जखडलेला, मस्तक शिरस्त्राणात, दृष्टी पुढच्या वळणावर. मागचे पाहावयास दोन लहानसे आरसे. मागचा प्रतिस्पर्धी किती सेकंदांवर आला, पाऊस केव्हा येणार, टायर आणखी किती फेऱ्या टिकतील, ह्यांतील पुष्कळसे त्याला स्वतःला कळू शकत नाही. ते कळते रस्त्याच्या कडेला पडद्यांपुढे बसलेल्या त्याच्या संघास. मोटारीत बसविलेली शेकडो मापकयंत्रे उष्णता, दाब, वेग इत्यादींची वर्दी तेथे अखंड पाठवीत असतात. म्हणजे लगाम एकाच्या हाती आणि नकाशा दुसऱ्याच्या, अशी स्थिती! ह्या दोघांना जोडणारा धागा म्हणजे बिनतारी यंत्रावरील बोलणे होय.

हा धागा पूर्वी नव्हता. संघाचे लोक रस्त्याच्या कडेला फळा धरून उभे राहात, आणि त्यावरील दोन-तीन आकडे चालकाने निमिषार्धात वाचून घ्यावयाचे, अशी रीत होती. फेरीस एकदा निरोप, तोही एकतर्फी. दोन माणसे एकाच मोटारीत असली तरी बोलणे सोपे नसे. इटलीत मिल्ले मिल्या नावाची शर्यत ब्रेशियाहून रोमपर्यंत व तेथून परत ब्रेशियास, अशी सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. १९५५ साली स्टर्लिंग मॉस ह्या इंग्रज चालकाच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा वृत्तपत्रकार मार्गदर्शक म्हणून बसला होता. त्याने साऱ्या रस्त्यावरील धोक्याच्या जागा आधी पाहून सुमारे १८ फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर टिपून घेतल्या होत्या. कानाशी लावावयाचे बोलण्याचे यंत्रही त्यांनी सरावात वापरून पाहिले. परंतु वळणावर मॉसचे चित्त इतके एकाग्र होई की, कानावर पडलेले शब्द त्याच्या ध्यानातच येत ना. अखेरीस यंत्र बाजूस ठेवून दोघांनी हातांच्या खुणा ठरविल्या आणि त्या खुणांच्या बळावर सुमारे १६०० किलोमीटरांचा तो मार्ग १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पार करून शर्यत जिंकली. ऐकू येणे आणि ध्यानात येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्याने जन्मभर वर्गात शिकविले त्याला निराळे सांगावयास नको.

पुढे १९८० नंतरच्या दशकात बिनतारी संभाषणाचा प्रघात पडत गेला. आज चालकाच्या शिरस्त्राणात ध्वनिग्राहक असतो, कानांच्या मापाने घडविलेली श्रवणयंत्रे असतात आणि हातातील चक्रावर बोलण्याची कळ असते. प्रत्येक चालकास स्वतःचा एक इंजिनियर नेमून दिलेला असतो. संघात माणसे पुष्कळ. पण चालकाच्या कानी बहुधा ह्या एकाचाच आवाज पोहोचावा, असा दंडक. दहा मुखांतून आलेली आज्ञा ही आज्ञा राहात नाही, हे व्यवहारज्ञान त्यात आहे. इंजिनियर शक्यतो सरळ रस्त्यावर बोलतो, वळणावर मौन पाळतो. शब्दही ठराविक असतात. टायर बदलण्यासाठी थांबावयाचे तर ‘बॉक्स’ हा एवढाच शब्द उच्चारतात. थांबण्याच्या जागेस जर्मन भाषेत असलेले हे नाव आखूड आणि ठसठशीत असल्यामुळे गोंगाटातही दुसऱ्या शब्दात मिसळून जात नाही. आपल्या सूत्रकारांनी अक्षरांची जी काटकसर केली, तिचेच हे दूरचे भावंड म्हणावे.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. रस्त्याच्या कडेला बसून मोटारीतील यंत्रणा परस्पर फिरविण्याची सोय २००२ साली संघांस मिळाली होती. २००३ पासून ती नियमाने बंद झाली. मोटार संघाशी बोलू शकते, परंतु संघास मोटारीशी बोलता येत नाही; त्याने माणसाशी बोलावयाचे आणि माणसाने यंत्र फिरवावयाचे. पुढे ह्या शब्दांवरही निर्बंध आले. चालकाने मोटार एकट्याने व कोणाच्या साहाय्यावाचून चालवावी, ह्या नियमाचा कडक अर्थ लावून २०१६ साली बहुतेक सूचनांना मनाई करण्यात आली. त्या वर्षी बाकू येथे लुईस हॅमिल्टनच्या मोटारीतील एक योजना चुकीची लागली. चूक कोठे आहे ते इंजिनियरांस कळत होते, पण ओठ शिवलेले! बिचारा शर्यत चालू असता चक्रावरील कळा चाचपीत राहिला. पुढे सिल्व्हरस्टोन येथे निको रोसबर्गला दातेचक्रांच्या बिघाडाविषयी नियमाबाहेर सूचना दिली गेली, म्हणून त्याच्या वेळात दहा सेकंदांची भर पडून तो दुसऱ्यावरून तिसऱ्या स्थानी गेला. अखेर त्याच जुलै महिन्यात बहुतेक निर्बंध उठले. मात्र संघांनी आपले सर्व बोलणे प्रक्षेपणासाठी खुले ठेवावे, अशी अट पडली. साहाय्य घ्या, पण जगाच्या देखत घ्या, असा हा करार झाला.

ह्या कराराचे मोल कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. २००२ साली ऑस्ट्रियातील शर्यतीत फेरारी संघाचा रुबेन्स बारिकेलो आघाडीवर होता. संघाची आज्ञा झाली, आणि शेवटची रेषा अगदी समोर असता त्याने आपला सहकारी मिखाएल शूमाखर ह्याला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी हुर्यो केली, आणि त्यानंतर अशा संघाज्ञांवर बंदी आली. बंदी आली म्हणजे आज्ञा थांबतेच असे नाही. ती वेष पालटते. २०१० साली जर्मनीतील होकेनहाइम येथे त्याच संघाचा फेलिपे मासा पुढे होता. त्याच्या इंजिनियरने त्याला सांगितले की, फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. हा निरोप तुला कळला काय? वाक्याचा वाच्यार्थ पाहिला तर ती केवळ एक माहिती. परंतु मासाने काय समजावयाचे ते समजून अलोन्सोला वाट दिली. सूर्य मावळला, एवढेच कोणी म्हटले असता गुराखी गुरे वळवितो आणि ब्राह्मण संध्येची तयारी करतो, हे व्यंजनेचे उदाहरण मी वर्षानुवर्षे मुलांना शिकविले; त्यास इतका आधुनिक जोड मिळेल असे वाटले नव्हते. पंचांनी व्यंग्यार्थच ग्राह्य धरला आणि संघास एक लाख डॉलर दंड केला. पण हा अर्थ त्यांच्याआधीच लक्षावधी श्रोत्यांनी ओळखला होता, कारण ते वाक्य सर्वांनी ऐकले होते. तिसऱ्या कानाचा हा उपकार मान्य केला पाहिजे. २०११ पासून ती बंदीही उठली.

आज्ञा दिली म्हणजे ती पाळली जाईलच असेही नाही. २०१३ साली मलेशियात रेड बुल संघाने सेबास्टियन फेटेलला ‘मल्टी एकवीस’ असा सांकेतिक निरोप दिला. दोन क्रमांकाची मोटार पुढे व एक क्रमांकाची मागे राहावी, असा त्याचा अर्थ. एक क्रमांकाच्या फेटेलने तो मानला नाही. सहकारी मार्क वेबर ह्याला मागे टाकून शर्यत जिंकली आणि मैत्री गमावली. उलट, २०१२ साली अबू धाबी येथे किमी रायकोनेन आघाडीवर असता त्याच्या इंजिनियरने मागच्या मोटारीची वर्दी दिली, तेव्हा मला एकट्याला सोडा, मी काय करतो आहे ते मला ठाऊक आहे, असे त्याने फटकारले आणि ती शर्यत जिंकून दाखविली. अवेळी आलेला शब्द कसा घात करतो, ह्याचे उदाहरण २०२२ सालच्या मोनॅकोचे. शार्ल लक्लेर हा त्याच गावचा मुलगा. त्याला टायरसाठी आत ये म्हणून सांगितले आणि लगोलग बाहेरच राहा म्हणून ओरडले. तोवर मोटार आतल्या वाटेला लागली होती. सर्वांच्या पुढून सुटलेला लक्लेर चौथा आला. त्याचा संताप साऱ्या जगाने ऐकला. कर्णाच्या रथावर शल्य बसला होता, त्याची येथे आठवण होते. शल्याने मुद्दाम तेजोभंग केला आणि येथे केवळ घोटाळा झाला, हा भेद खरा. परंतु रथ चालू असता कानी पडलेला शब्द माणसाला तारतो किंवा बुडवितो, हे दोन्हीकडे सारखेच.

आता आपल्यासारख्या श्रोत्यांविषयी. हे बोलणे आपल्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचत नाही. प्रक्षेपण करणारी मंडळी अनेक चालकांच्या बोलण्यातून निवडक तुकडे उचलतात, थोड्या वेळाने ऐकवितात आणि अपशब्दांवर शिट्टीचा पडदा टाकतात. शांतपणे केलेली शंभर वाक्ये गळून जातात आणि रागाचे एक वाक्य जगभर जाते. शिवाय आपण ऐकतो आहोत हे ठाऊक झाल्यावर बोलणाऱ्याचे बोलणेही बदलते. २०२१ साली संघांचे प्रमुख शर्यतीच्या संचालकांशी थेट घालीत असलेला वाद प्रक्षेपित होऊ लागला. त्या वर्षीच्या अबू धाबीतील अखेरच्या शर्यतीत दोन्ही बाजूंनी संचालकांवर केलेले दडपण सर्वांनी ऐकले, आणि पुढील वर्षी ते संभाषण प्रक्षेपणातून वगळण्याचा निर्णय झाला. न्याय देणाऱ्याच्या कानाशी चाललेला कोलाहल हा करमणुकीचा विषय होऊ नये, हे उचितच झाले.

शेवटी एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतो. २०२४ साली हंगेरीत मॅक्लारेन संघाने टायर बदलण्याचा क्रम असा ठेवला की, मागे असलेला लँडो नॉरिस आपसूक ऑस्कर पियास्त्रीच्या पुढे आला. जागा परत दे, असे त्याच्या इंजिनियरने त्याला सांगितले. नॉरिस ऐकेना. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या. तेव्हा त्या इंजिनियरने आज्ञेचा सूर सोडून त्याची समजूत घातली: अजिंक्यपद एकट्याने मिळत नाही, त्यासाठी तुला पुढे ऑस्करही लागेल आणि संघही लागेल. सत्तरांपैकी अडुसष्टाव्या फेरीत नॉरिसने वेग कमी करून वाट दिली, आणि पियास्त्रीला आयुष्यातील पहिला विजय मिळाला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणासही हा संवाद परका वाटणार नाही. हक्काची वाटणारी वस्तू धाकट्यासाठी सोडताना मनाला किती वेळ लागतो, आणि त्या वेळात वडीलधाऱ्याने आवाज न चढविता किती वेळा तेच सांगावे लागते, हे आपल्या माजघरांनी पिढ्यानुपिढ्या पाहिले आहे.

अर्जुनाने जे ऐकले तेच धृतराष्ट्रानेही ऐकले. एकाचा मोह गेला. दुसरा आपल्या पक्षाचा जय होतो की नाही, एवढीच चिंता करीत बसला. दुसऱ्यांचे बोलणे ऐकण्याची सोय आता घरोघर आली आहे. ते ऐकून आपण कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.