मामांचा रानकोंबडा

मी मास्तर माणूस. बंदूक पाहिली ती चित्रपटात, आणि शिकार केली ती उत्तरपत्रिकांतल्या चुकांची. तरीही आज शिकारीवर लिहायला बसलो आहे, त्याला कारण माझे पवनीचे मामा.

नागपूरहून उमरेड, भिवापूर ओलांडून गेले की वैनगंगेच्या काठी पवनी लागते. गाव जुने, तटबंदीचे. १९६९-७० साली इथे उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. पण आम्हा भाच्यांच्या लेखी पवनी म्हणजे मामा, आणि मामा म्हणजे रानकोंबडे! आम्ही सुटीला जाऊ लागलो तेव्हा शिकार केव्हाच संपली होती. उरल्या होत्या त्या गोष्टी.

रानकोंबडा हा मोर-तितरांच्याच कुळातला. मामांचा तो राखी रानकोंबडा. नराच्या मानेवरील काळ्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळे ठिपके असतात. या पिसांपायी त्याची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोचली. तिकडचे हौशी लोक सामन मासा पकडण्यासाठी गळाला खोटी माशी बांधतात, तिच्यात ही पिसे लागत.

"कोंबडा पायांनी पळतो, पंख अगदी शेवटी काढतो," मामा सांगत. म्हणून पहाटेच नाल्याच्या कोरड्या पात्रात दबून बसायचे. हाकारे पलीकडून बांबूच्या रांज्या झोडपीत येत. पाचोळा वाजे, कोंबडा फडफडत उठे, आणि बारा बोरच्या बंदुकीला जेमतेम एक क्षण मिळे. बांबू फुलून त्याला बी धरले की मग रानात कोंबड्यांची जत्राच!

"मग बंदूक सोडलीत का?" आम्ही विचारीत असू.

"कायदा आला ना, बापा!" हे त्यांचे ठरलेले उत्तर. ते पटण्याजोगेही होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही संपली.

गेल्या फाल्गुनात मामा म्हणाले, "एकदा रानात ने मले. कोंबड्याची बांग ऐकू दे." मामांचे वय ब्याऐंशी. ज्या रानात ते बंदूक घेऊन हिंडले, तेच २०१२ पासून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले आहे. पहाटे जीपमध्ये बसलो. पळस पेटला होता, मोहाचा वास सुटला होता. बरोबरचे प्रवासी वाघासाठी डोळे ताणून बसलेले. आमचे मामा मात्र कानामागे तळहात धरून!

एका वळणावर बांबूतून बांग आली. "कुक्-कया-कया-कुक्!" घरच्या कोंबड्याहून तुटक, घोगरी.

"ओरडला, मामा!"

"ओरडला? कान गेले गा माझे," ते हळूच म्हणाले.

इतक्यात वाटेच्या कडेला एक तपकिरी मादी पाचोळा उकरताना दिसली. गाडी थांबली. मामांनी वाटाड्या पोराला विचारले, "पिलं आहेत काय संगं?"

"दिसत नाहीत, आजोबा."

"दिसणार नाहीत. पानाखाली दबतात."

परत येताना ते बराच वेळ गप्प होते. मग एकाएकी म्हणाले, "कायदा यायच्या दोन वर्षं आधीच बंदूक सोडली होती मी. झुडपात हललं, नर समजून बार टाकला. मादी निघाली. पिलांचा आवाज ऐकला होता, पण एकही सापडेना. संध्याकाळपर्यंत एकेक पान उचलून पाहिलं. ती तिथंच असतील, माझ्या पायांशी. मी निघून जायची वाट पाहत."

मला काय बोलावे ते सुचेना. पन्नास वर्षे ज्या माणसाने आम्हांला शिकारीच्या गोष्टी सांगून हसवले, त्याने हीच एक पोटात ठेवली होती. मामीलाही ती ठाऊक नव्हती.

त्या रात्री जेवताना त्यांच्या नातवाने नेहमीचा प्रश्न विचारला. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कायदा आला ना, बापा!" मी मुकाट्याने भात कालवीत राहिलो.

हा लेख छापायला देण्यापूर्वी पवनीला जाऊन मामांना मोठ्याने वाचून दाखवला. नको म्हणाले असते तर तिथेच फाडणार होतो. मामी दारात उभी राहून ऐकत होती. मामांनी पुष्कळ वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाले,

"छाप. पण एक राहिलं. चैत्र होता तो. मारायचा महिनाच नव्हता. तेही लिही."

म्हणून लिहिले.