बन्नूचे ताट, फरीदाबादचे घर

फरीदाबाद म्हटले की आपल्याला ट्रॅक्टर आणि बूट आठवतात. दिल्लीला खेटून असलेल्या या कारखान्यांच्या शहरात ‘एनआयटी’ नावाचा भाग आहे. नाव ऐकून एखादे इंजिनिअरिंग कॉलेज असावे असे वाटेल; पण हे ‘न्यू इंडस्ट्रियल टाउन’, म्हणजे निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी उभारलेली वसाहत!

१९४७च्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईलखान, कोहाट येथील हिंदू-शीख कुटुंबे कुरुक्षेत्राच्या छावणीत आली. त्यांना अलवर-भरतपूरकडे पांगवण्याचा सरकारचा बेत होता. त्यांचे म्हणणे एकच, राहू तर एकत्र राहू. त्यांच्यातले काही जण बादशाह खान यांचे खुदाई खिदमतगार होते. सत्याग्रह त्यांना शिकवावा लागला नाही. अखेर फरीदाबादची जागा मिळाली. ठेकेदारांऐवजी निर्वासितांनीच विटा पाडल्या, घरे बांधली. पंडित नेहरू जातीने लक्ष घालत होते. या कामात असलेल्या एल. सी. जैन यांनी १९९८मध्ये ‘द सिटी ऑफ होप’ या पुस्तकात ही सारी हकिकत लिहून ठेवली.

घर मिळाले, पण मुलूख? तो राहिला बोलीत आणि ताटात. बन्नूवाली बोली ना पुश्तू, ना दिल्लीची पंजाबी. आजीच्या तोंडची ही बोली नातवंडांना कळते, पण ती उत्तर देतात हिंदीत.

नावांचेही तेच. वसाहतीने इस्पितळाला बादशाह खानांचे नाव दिले. शेजारचा चौक आजही ‘बीके चौक’. डिसेंबर २०२०मध्ये इस्पितळाला अटलबिहारी वाजपेयींचे नाव देण्याचा आदेश निघाला, तेव्हा वृद्ध बन्नूवाल दुखावले. वाजपेयींविषयी त्यांचा राग नव्हता. सुटलेल्या गावाची या शहरात उरलेली खूण जात होती, एवढेच. पाटी सरकारच्या हाती असते, हे खरेच.

चूल मात्र घरची. बन्नूची ओळख म्हणजे ‘पैंदा’. मोठ्या थाळ्यात चपात्यांचे तुकडे पसरायचे, वर कोंबडीचा गरम रस्सा ओतायचा, तुकडे मुरले की वरून मांसाचे तुकडे मांडायचे. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्या आपल्या मंडळींना ही चव परकी वाटणार नाही. फरक एकच : ताट एक आणि भोवती जेवणारे अनेक. दोघा-तिघांच्या फ्लॅटमध्ये पैंद्याचा घाट घालण्यात अर्थ नसतो. करायचाच म्हटला, तर चुलत-मावस सगळ्यांना निरोप धाडावा लागतो.