लिनक्सवर ‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली आणि एरवी लिनक्सचे फक्त नाव ऐकलेल्या लोकांनाही त्याचा विचार करावा लागला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ सालचा धडधाकट लॅपटॉपही या चाळणीत अडकतो. मग एखादा भाचा किंवा पुतण्या उबुंटू नाहीतर मिंट ही लिनक्सची आवृत्ती टाकून देतो. बहुतेकदा सगळे सुरळीत होते. पण कधी वायफाय दिसतच नाही, कधी प्रिंटर हूं की चूं करत नाही, कधी झोपवलेला लॅपटॉप पुन्हा उठत नाही, आणि घरात निकाल लागतो: ‘लिनक्स आपल्या मशीनवर चालत नाही.’ या वाक्यातून तक्रार कळते, कारण कळत नाही. कारण खणत गेले तर ते बहुतेक वेळा लिनक्सच्या बाहेर सापडते. तो सुटा भाग बनवणाऱ्या कंपनीने कोणती माहिती दिली, कोणती राखून ठेवली आणि ते यंत्र कारखान्यात कशावर तपासले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ‘चालत नाही’चा अर्थ लागतो.

संगणकातला प्रत्येक भाग, मग तो वायफायची चिप असो की ग्राफिक्स कार्ड, ठरावीक संकेतांनीच हलतो. ते संकेत देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि त्या भागाच्या आत भरावा लागणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. संकेत कोणते, हे कंपनीच सांगू शकते. तिने सांगितले नाही, तर बाहेरच्या माणसाला चिपचे वागणे न्याहाळत ते हुडकावे लागतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची पहिली ठिणगीही अशाच अडवणुकीतून पडली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना कळवावे, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती, पण मूळ सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटर होता. म्हणजे प्रिंटरचे दुखणे लिनक्सपेक्षाही जुने आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आला तो १९९१ साली.

माहिती दिल्याने आणि न दिल्याने किती फरक पडतो, हे ग्राफिक्स कार्डांच्या दोन कंपन्यांकडे पाहिले की लख्ख दिसते. एएमडीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली. आज एएमडीचे बहुतेक कार्ड लिनक्समध्ये लावले की वेगळे काही न टाकता चालते, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एनव्हिडियाने दीर्घकाळ उलटा मार्ग धरला. स्वतःचा बंद ड्रायव्हर ती देत राहिली, पण चिपची माहिती नाही. फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात २०१२ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला शिवी हासडली, ती याच रागातून. स्वयंसेवकांनी हुडकून हुडकून ‘नूवो’ नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला, पण २०१४ नंतरच्या कार्डांवर कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय चिपचा वेग बदलता येईना. परिणाम असा की कार्ड सुरू होते, पडद्यावर चित्र दिसते, पण ते कार्ड चालू होतानाच्या मंद वेगावरच अडून राहते. वापरणारा म्हणतो, ‘लिनक्सवर गेम रखडतात.’ रखडतात हे खरेच. फक्त कुलूप कुणी लावले, ते त्याला ठाऊक नसते. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला आणि त्या कार्डांची कोंडी फुटू लागली. कंपनीने ठरवले तर काय होते, याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

वायफायचे दुखणे बरेचदा फर्मवेअरच्या परवान्याचे असते. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर लिहिला गेला, पण त्यांचे फर्मवेअर वाटायला परवानगी नव्हती; ते वापरणाऱ्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः काढून घ्यायचे, असा द्राविडी प्राणायाम होता. त्यातही गंमत अशी की ते उतरवून घ्यायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी वायफाय. इथे दोष एकट्या कंपन्यांचा नव्हता. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ लिनक्स-प्रकल्पाने बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते, आणि त्या सोवळ्याची किंमत नवख्या माणसाने मोजली. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत येऊ लागले. हा निर्णय उशिरा आला, पण योग्य होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दोष कुणाचा याच्याशी मला काय करायचे? विंडोजवर सगळे चालते ना? आक्षेप रास्त आहे, पण त्यातले गृहीतक तपासले पाहिजे. विंडोज ‘चालते’ ते मुख्यतः कारखान्यातून भरून आलेले असते म्हणून. इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपांवर कोरे विंडोज टाकायला घ्या. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, कारण व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेचा ड्रायव्हर आधी वेगळा पुरवावा लागतो. हेच लिनक्सच्या बाबतीत घडले असते तर निकाल काय लागला असता, ते सांगायला नको. शिवाय मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, ते सुरू होताना विचारते की समोर कोणती प्रणाली आहे. लिनक्सचा कर्नल या प्रश्नाला ‘विंडोज’ असे उत्तर देतो, आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ असे विचारले तर चक्क ‘नाही’ म्हणतो. हा खोटेपणा जाणूनबुजून पत्करलेला आहे. उत्पादक आपली यंत्रे विंडोजवर तपासतात. लिनक्ससाठी म्हणून बायोसमध्ये लिहिलेला भाग कुणी नीट तपासलेला नसायचा आणि तोच अधिक घोटाळे करायचा. झोपेतून न उठणारा लॅपटॉप, उलट्या-सुलट्या वागणाऱ्या उजेडाच्या कळा, अकारण फिरणारा पंखा यांचे मूळ अनेकदा या न झालेल्या तपासणीत असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा. मूठभर ग्राहकांसाठी कंपनीने खर्च का करावा? इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. सर्व्हरसाठीचे प्रोसेसर आणि नेटवर्क कार्डे यांचे ड्रायव्हर उत्पादक स्वतः लिहितात, पुष्कळदा माल बाजारात येण्याआधीच. तोच कर्नल, बऱ्याचदा त्याच कंपन्या, आणि कामगिरी अव्वल. जिथे पैसा आहे तिथे सुसंगतता आहे. स्वस्त लॅपटॉपातल्या बोटांच्या ठशांच्या सेन्सरच्या वाट्याला ती येत नाही. कंपन्यांची एक तक्रार मात्र अर्धी मान्य करावी लागते: कर्नलची ड्रायव्हरसाठीची आतली रचना मुद्दामच स्थिर ठेवलेली नाही, त्यामुळे बाहेर लिहिलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटला मोडू शकतो. कर्नलकारांचे उत्तर असे की ड्रायव्हर खुला करून कर्नलमध्ये द्या, मग रचना बदलणाराच तो दुरुस्त करील. कंपनीने विंडोज ७ नंतर वाऱ्यावर सोडलेले अनेक स्कॅनर लिनक्सवर आजही चालतात ते खुल्या ड्रायव्हरमुळेच. पण बंद ड्रायव्हर वापरणाऱ्याला दर अपडेटला धाकधूक असते, हेही तितकेच खरे.

आता वेगाबद्दल. ‘लिनक्स टाकले की जुने मशीन पळते’ हा प्रचार लिनक्सवाल्यांनी आवरता घेतला तर बरे. प्रणाली हलकी असते, ब्राउझर हलका नसतो. दोन जीबी रॅमच्या संगणकावर दहा टॅब उघडणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही. मात्र मंदपणाचे कारण लिनक्स लपवत नाही, ही त्याची खरी सोय. ‘टॉप’ हा आदेश दिला की प्रोसेसर कशात गुंतला आहे ते दिसते. प्रोसेसर मोकळा आणि डिस्कची वाट पाहण्याचा आकडा सतत मोठा असेल, तर फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हाच उपाय, प्रणाली बदलून काही होणार नाही. ‘फ्री’ हा आदेश रॅम जवळपास भरलेली दाखवतो आणि लोक घाबरतात. पण रिकामी रॅम लिनक्स फायली हाताशी ठेवायला वापरते आणि गरज पडताच सोडते, म्हणून पाहायचा तो ‘उपलब्ध’चा रकाना. व्हिडिओ पाहताना पंखा घोंगावत असेल, तर चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरच्या गळ्यात पडले असण्याची शक्यता मोठी. यातही कधी कायदा आडवा येतो: पेटंटच्या भीतीने फेडोरा या लिनक्स-प्रकल्पाने २०२२ मध्ये काही प्रचलित व्हिडिओ प्रकार ग्राफिक्स चिपवर उलगडण्याची सोय एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमधून काढली. आणि ‘डीमेसेज’ या आदेशाने कर्नलची रोजनिशी उघडते. फर्मवेअर सापडले नसेल तर हव्या त्या फाइलचे नावच तिथे लिहिलेले असते. ती ओळ जशीच्या तशी घेऊन मदत मागणाऱ्याला उत्तर लवकर मिळते. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला उलट प्रश्नच मिळतात.

सामान्य वाचकाने यातून एवढेच करायचे की क्रम उलटा करायचा, म्हणजे आधी तपास आणि मग टाकणे. जवळजवळ प्रत्येक प्रचलित लिनक्स पेनड्राइव्हवरून, मूळ डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झोपवणे-उठवणे हे अर्ध्या तासात तपासता येते. जमीन घेताना सातबारा पाहणारा माणूस लॅपटॉप घेताना झाकणावरचे नाव वाचून थांबतो. पाहायला हवा तो आतल्या चिपचा क्रमांक, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन खेपांत दोन वेगळ्या वायफाय चिपा असू शकतात. ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ते क्रमांक दाखवतो. सर्वांत नवे मॉडेल घेण्याची घाईही नको. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या काही महागड्या लॅपटॉपांतले कॅमेरे लिनक्सवर दीर्घकाळ आंधळे राहिले, आणि त्याच वेळी पाच-सहा वर्षांपूर्वीची साधी यंत्रे बिनतक्रार चालत होती. दुकानदाराला ‘यावर लिनक्स चालते का?’ असे जरूर विचारा. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर पेनड्राइव्ह लावून पाहू देतो का, ते विचारा. जो पाहू देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.