रानपोपटीची लागवड: एका तणाकडून काय शिकता येईल?

श्रावण-भाद्रपदात शेताच्या बांधावर, उकिरड्याजवळ किंवा शाळेच्या कुंपणालगत एक पसरट, मऊ खोडाची वनस्पती उगवलेली असते. पानांच्या बगलेतून हिरव्या, कागदी कंदिलासारख्या पिशव्या खाली लोंबत असतात. मुले ती पिशवी कपाळावर आपटून फट् असा आवाज काढतात आणि आतले पिवळट फळ खातात. ही रानपोपटी. कुठे तिला चिरबोट म्हणतात, तर कुठे कपाळफोडी. कपाळफोडी हे नाव एका वेलीचेही आहे. तिचा फुगा तीन कंगोऱ्यांचा असतो आणि आत रसाळ फळ नसून पांढरा ठिपका असलेल्या काळ्या बिया असतात. नावावर विसंबून वनस्पती ओळखू नये, हा पहिला धडा इथेच मिळतो.

शास्त्रीय नाव फायसॅलिस मिनिमा. फायसॅलिस हा शब्द फुगा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांच्याच कुलातली ही वनस्पती. बाजारात मिळणारी रसभरी ही तिची मोठ्या फळाची बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातली. या प्रजातीतील बहुतेक जाती अमेरिका खंडातल्याच आहेत. अर्जेंटिनातील पॅटागोनिया भागात कंदिलासकट जीवाश्म झालेली फळे सापडली. त्यांचे वय सुमारे ५ कोटी २० लाख वर्षे असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हा कंदील माणसापेक्षा कितीतरी जुना आहे.

एवढी आपोआप उगवणारी वनस्पती मुद्दाम लावायची कशासाठी? रानटी वनस्पतीला पीक बनवताना माणसाने नेमके काय बदलले, हे टोमॅटोच्या रोपाकडे पाहून कळत नाही. तिथे तो बदल केव्हाच होऊन गेलेला आहे. रानपोपटी त्या बदलाच्या अलीकडे उभी आहे. एका वाफ्यात टोमॅटो आणि दुसऱ्यात ती लावली की फरक मुलांना स्वतः मोजता येतो.

बी धरण्यासाठी आपोआप जमिनीवर पडलेली, कंदील वाळून पेंढ्याच्या रंगाचा झालेला असेल अशीच फळे घ्यावीत. फळ चुरडून पाण्यात एक-दोन दिवस ठेवावे. गर सुटतो, भरलेले बी तळाशी बसते. ते सावलीत वाळवावे. बी फार बारीक असल्याने खोल पुरू नये. भुसभुशीत मातीवर पसरून वरून चिमूटभर माती भुरभुरावी. उगवणीला ऊब लागते, म्हणून मे-जूनचा काळ उत्तम. रोपांना चार-पाच पाने आली की दोन फुटांच्या अंतराने लावावीत आणि खोडाचा खालचा भाग मातीत जाऊ द्यावा. टोमॅटोप्रमाणेच इथेही खोडातून मुळे फुटतात.

शेणखत बेतानेच घालावे. लाड केल्यास पाला माजतो आणि फळे उशिरा येतात. पाणी साचू देऊ नये. वांग्यावर येणारे, पाने खरवडून जाळीदार करणारे ठिपकेदार भुंगेरे इथेही येतात. ते हातांनी वेचणे शाळेत सर्वांत सोपे. पांढऱ्या माशीकडे मात्र लक्ष हवे. ती टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते आणि रानपोपटीसारख्या तणांत तो टिकून राहू शकतो. त्यामुळे तुलनेसाठीचे दोन्ही वाफे शाळेतच ठेवावेत, शेजारच्या टोमॅटो-मिरचीच्या शेताला लागून नकोत. पाने आकसलेले रोप दिसताच उपटावे.

आता फुलाकडे येऊ. बहुतेक वनस्पतींत निदलपुंज कळीचे रक्षण करतो आणि त्याचे काम तिथेच संपते. इथे फूल गळाल्यावर तो वाढू लागतो आणि फळाला पूर्ण झाकतो. याच प्रजातीतील एका जातीवर जर्मनीतील कोलोन येथे झालेल्या संशोधनात ही वाढ परागण होऊन फलधारणा झाल्यावरच सुरू होते असे आढळले. मग आपल्या रानपोपटीत काय होते? वरच्या वर्गातील मुलांना हे तपासता येईल. उमलण्याआधीच्या काही कळ्यांतून चिमट्याने परागकोश काढावेत आणि त्यांवर मलमलीची पिशवी बांधावी. त्यांतल्या निम्म्या फुलांच्या कुक्षीवर पुढे दुसऱ्या फुलाचे पराग लावावेत. काही फुलांना हातच लावू नये. तिन्ही गटांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून रोज कंदिलाची लांबी मोजावी. दहा-बारा फुले वाया जातील असे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

खाण्याबाबत एक सूचना गांभीर्याने द्यायला हवी. कच्ची फळे, पाने, खोड आणि कंदील खायचे नसतात. त्यांत कडू, विषारी द्रव्ये असतात. अश्वगंधेचे लाल फळही अशाच आवरणात असते आणि मुले दोन्हींत गल्लत करू शकतात. तिच्या कोवळ्या फांद्यांवर व पानांवर करडी लव असते. शिक्षकाने झाड स्वतः ओळखल्याखेरीज कोणी काही चाखू नये. तणनाशक मारलेल्या बांधावरची फळे तर नकोतच. मात्र या भीतीपोटी सगळीच रानफळे वर्ज्य ठरवणे आम्हाला पटत नाही. ओळख शिकवली तर पिकलेले फळ खाण्यात गैर काही नाही.

फळ पिकताच गळते, ही या वनस्पतीची सोय आणि शेतकऱ्याची अडचण. तोडणीऐवजी रोज जमिनीवरून वेचणी करावी लागते. झाडही अस्ताव्यस्त पसरते. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या एका जातीत हे रानटीपण कमी करण्याचा प्रयत्न २०१८ साली प्रसिद्ध झाला. टोमॅटोत माहीत असलेल्या जनुकांची भावंडे या जातीत शोधून क्रिस्पर तंत्राने त्यांत बदल केले गेले; फांदीवर अधिक फळे आली, काही फळे मोठीही झाली. शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी बी निवडत हळूहळू जे साधले, त्यातला थोडा भाग काही वर्षांत उरकण्याचा हा प्रयत्न होता.

शाळेत अर्थात निवडीचाच मार्ग आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, दहा-दहा फळांचे वजन करावे आणि सर्वांत जड फळांच्या झाडाचे बी वेगळे ठेवावे. ही वनस्पती बहुधा स्वपरागित असल्याने एकाच बांधावरच्या बियांत फारसा फरक आढळणार नाही. म्हणून मुलांना आपापल्या गावाहून बी आणायला सांगावे. कागदी पाकिटावर गाव, झाडाचा क्रमांक आणि वर्ष लिहून ती पुढच्या जूनपर्यंत कोरड्या डब्यात ठेवावीत.